धूर सांगतो इंजिनाचे दुखणे



सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडी लागते. कोजागिरीला याच वाटेने हजारो भाविक आईच्या दर्शनाला पायी जातात. त्यांच्या तोंडावर काळा धूर सोडणारी गाडी आपली तर नाही ना, हे पाहायला हवे.

धूर-तपासणीत गाडी नापास झाली म्हणून पीयूसीवाल्याशी भांडू नका. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, म्हणजे तुमचाच पैसा! आधी एअर फिल्टर उघडा. तो धुळीने कोंदला की इंजिनाला श्वास पुरत नाही. मग नोझल आणि पंप मिस्त्रीकडून तपासून घ्या. धूर निळा असेल तर ऑईल जळते आहे असे समजा. दुरुस्ती झाली की इंजिन चांगले तापवून पुन्हा तपासणीला न्या.

धुराची मर्यादा जुन्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज, तर बी. एस. ४ गाडीला ५० आहे. दाखला बी. एस. ४ पासूनच्या गाड्यांना वर्षभर चालतो, जुन्यांना सहा महिने. २०१९ च्या कायदादुरुस्तीने दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

दाखला कसाबसा मिळवता येईलही. पण तेवढ्याने धूर थांबत नाही. तो आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. म्हणून आधी गाडी नीट करा, मग दाखला घ्या.