ब्लॉगचं बिऱ्हाड कुठे मांडावं?



मागच्या उन्हाळ्यात मी माणदेशात माझ्या मामींकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. मामी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून सहा वह्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. शाळेतली मुलं वापरतात तसल्या, दोनशे पानी. गावातल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांत होत्या. १९७२च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामांच्या आणि तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आठवणी होत्या. हुलग्याच्या माडग्याची कृती होती. आणि प्रत्येक ओवीखाली ती सांगणारीचं नाव आणि तिची वस्ती.

मामी म्हणाल्या, "यातल्या निम्म्याहून जास्त बायका आता नाहीत. हे सगळं मला इंटरनेटवर ठेवायचंय. कुठे ठेवू, तेवढं सांग."

मी पंधराएक वर्षं ब्लॉग लिहितो. ओळखीतले लोक हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि उत्तरही माझ्या तोंडी तयार असतं. त्या सकाळी मात्र मला चटकन उत्तर देववेना. त्या वह्यांमधला मजकूर दुसरीकडे कुठेच नव्हता.

मी विचारलं, "मामी, तुमच्या अटी काय आहेत?"

त्यांनी तीन सांगितल्या. मोबाइलवर मराठीत सहज लिहिता आलं पाहिजे. पेन्शनमधून फार पैसे जाता कामा नयेत. आणि तिसरी अट त्यांनी जरा थांबून सांगितली, "मी गेल्यावरही हे राहिलं पाहिजे. नावांसकट."

नावांवर त्यांचा एवढा भर का, तेही त्यांनी सांगितलं. सुकडीची आठवण त्यांनी एकदा मोबाइलवरच्या नातेवाइकांच्या गटावर टाकली होती. चार महिन्यांनी तीच आठवण भलत्याच गटावरून फिरून त्यांच्याकडे आली. खाली नाव नव्हतं आणि शेवटचे दोन परिच्छेद कोणीतरी गाळले होते. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुराला पत्ता नसतो. ब्लॉगवरच्या प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता असतो. मूळ लेख कोणाचा, हे त्या पत्त्यावर जाऊन कोणालाही पाहता येतं. म्हणून अशा लेखनासाठी मला आजही ब्लॉगच योग्य वाटतो.

पहिली अट आता अवघड राहिलेली नाही. पूर्वी मराठी मजकूर ठरावीक फॉन्टमध्ये टंकला जाई आणि तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसला की पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हं उमटत. युनिकोड ही सगळीकडे चालणारी एकच पद्धत रुळल्यावर ही अडचण संपली. आज मोबाइलवर बोलूनसुद्धा मराठी लिहिता येतं आणि ते कुठेही नेलं तरी मराठीच राहतं. तुमच्याकडे जुन्या छपाईच्या फॉन्टमधलं लेखन असेल, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मगच पुढचा विचार करा.

आता जागांबद्दल बोलू.

सर्वांत सोपी जागा म्हणजे ब्लॉगर. १९९९ साली पायरा लॅब्ज नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीने ती सुरू केली आणि २००३ मध्ये गूगलने ती घेतली. जीमेलचं खातं असेल, तर दहा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. पैसे लागत नाहीत. पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट असं येतं. सजावटीला मर्यादा आहेत, पण ओव्या वाचायला सजावट लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेखाचं शीर्षक देवनागरीत दिलं, की ब्लॉगर त्यावरून पत्ता बनवू शकत नाही. मग प्रत्येक लेखाला 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा, असा मुका पत्ता मिळतो. लेख प्रकाशित करण्याआधीच रोमन लिपीत छोटा, ओळखता येईल असा पत्ता स्वतः लिहावा. मामींच्या शिस्तीत हे चपखल बसणारं होतं.

दुसरी जागा वर्डप्रेस. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्या माणसाची फसगत होते ती इथेच. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये आणलेली वर्डप्रेस ही मुळात मोफत आणि खुली संगणकप्रणाली आहे. ती वर्डप्रेस डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर मिळते. ती घेऊन कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घ्यायची आणि आपलं घर आपणच बांधायचं. त्यात स्वातंत्र्य सर्वांत जास्त. पण सर्व्हरचं भाडं, प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणं, घुसखोरांपासून ती सांभाळणं, सगळं आपल्याच अंगावर. वर्डप्रेस डॉट कॉम ही दुसरी गोष्ट. २००५ पासून ऑटोमॅटिक ही कंपनी ती चालवते. तिथे सर्व्हरची काळजी कंपनी घेते. मोफत योजनेत आपल्या लेखांवर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि हव्या त्या सोयी जोडता येत नाहीत. त्यासाठी पैसे भरावे लागतात. लेखाचा पत्ता देवनागरीत राहू शकतो, ही इथली जमेची बाजू. पण तो पत्ता दुसऱ्याला पाठवला, की पुष्कळदा टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची लांबलचक माळ होते. म्हणून इथेही छोटा रोमन पत्ता दिलेला बरा.

मीडियम आणि सबस्टॅक ही नावंही तुमच्या कानावर आली असतील. मीडियम २०१२ मध्ये इव्हान विल्यम्स यांनी सुरू केलं. ब्लॉगर सुरू करणाऱ्यांतही तेच होते. लिहायला जागा फार सुंदर, पण तिथे काही लेख पैसे भरणाऱ्या सभासदांपुरतेच राखलेले असतात. सबस्टॅक २०१७ चं. तिथे लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो. वाचकांकडून वर्गणी घेतली, तर तिच्यातले दहा टक्के कंपनी घेते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाचकांसाठी लिहिणाऱ्याला ते उत्तम आहे. मामींच्या वाचकांना ईमेल उघडायची सवय नाही. वस्तीवरची मुलगी मोबाइलवर शोधेल आणि तिला ते सापडलं पाहिजे. म्हणून ही दोन्ही नावं आम्ही बाजूला ठेवली.

राहिली तिसरी अट.

श्रोतेहो, इंटरनेटवरच्या जागा बंद होतात. याहूकडे असलेली जिओसिटीज एके काळी घरोघरच्या लोकांनी स्वतः बनवलेल्या पानांनी भरलेली होती. ती अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली. पोस्टरस ही सोपी, छान ब्लॉगसेवा ट्विटरने विकत घेतली आणि २०१३ मध्ये बंद केली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. टाइपपॅड ही २००३ पासूनची ब्लॉगसेवा २०२५ च्या सप्टेंबरअखेर थांबली. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विश्वासाने लिहीत होतं. ब्लॉगर पाव शतकाहून अधिक काळ टिकला आहे, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण उद्याची हमी कोणतीही कंपनी देत नाही.

म्हणजे दुसऱ्याच्या जागेत आपण बिऱ्हाडकरू असतो. बिऱ्हाडात राहण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या कित्येक पिढ्या बिऱ्हाडात वाढल्या. पण शहाणा बिऱ्हाडकरू भांडीकुंडी अशी ठेवतो, की वेळ आली तर एका दिवसात हलता यावं. ब्लॉगची जागा निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की इथून निघायचं झालं तर माझं सामान मला बरोबर नेता येईल का? ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही ठिकाणी सगळे लेख एकगठ्ठा उतरवून घेता येतात. ब्लॉगरवरचे लेख वर्डप्रेसमध्ये आणण्याचा रस्ताही तयार आहे. छायाचित्रं मात्र त्या गठ्ठ्यात येतीलच असं धरून चालू नये. ती वेगळी जपावीत.

आम्ही ब्लॉगर निवडला. त्यासोबत आणखी तीन गोष्टी केल्या आणि त्या मी तुम्हालाही कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट, स्वतःच्या नावाचा पत्ता. डॉट इनने संपणारं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं आणि ते ब्लॉगरला जोडता येतं. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलो, तरी पत्ता तोच राहतो. लेखांचे जुने पत्तेही तसेच ठेवले, तर वाचकाची वाट चुकत नाही. फक्त दरवर्षी त्याचे पैसे भरणारं कोणीतरी हवं. तसं कोणी नसेल, तर ब्लॉगस्पॉटचा मोफत पत्ताच बरा, कारण पैसे न भरल्याने तो जात नाही.

दुसरी गोष्ट, वारस. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. पण गूगलच्या खात्यातच एक सोय आहे. खातं ठरावीक महिने निपचित राहिलं, तर कोणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, हे आधीच नोंदवता येतं. मामींनी तिथे आपल्या लेकीचं नाव घातलं. शेताच्या सातबाऱ्यावरच्या नावाची आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच या नावाचीही घ्यावी.

तिसरी गोष्ट, प्रत. वर्षातून एकदा सगळं लेखन उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायचं. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून जगभरातली वेबपानं साठवते आहे. तिच्या वेबॅक मशीनवर आपल्या पानाचा पत्ता देऊन त्याची नोंद करून ठेवता येते. आणि कागदावरच्या वह्या कधीही टाकायच्या नाहीत. मामींच्या वह्यांनी चाळीस वर्षं काढली आहेत. वाळवी लागली नाही, तर पुढची चाळीसही काढतील.

वर्षातून एकदा म्हणजे नेमकं कधी, असं मामींनी विचारलं. मग त्यांनीच दिवस ठरवला, खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण विळा-कोयता धुऊन पुसून पुजतो, ज्याच्यावर पोट चालतं त्याची वर्षातून एकदा निगराणी करतो.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल. आईच्या हातची, आजोबांच्या हिशेबांमागे लिहिलेली, तुमची स्वतःची. कुठली जागा सर्वांत चांगली, या विचारात महिने घालवू नका. जिथून सामान परत नेता येतं अशी कुठलीही जागा घ्या, त्यातलं एक पान टंका आणि सांगणाऱ्याचं नाव खाली लिहायला विसरू नका.

मामींनी खंडेनवमीला मला एक छायाचित्र पाठवलं. देवघरापुढे पाट मांडलेला, त्यावर विळा, खुरपं, सहा वह्या. सगळ्यांत वरच्या वहीवर छोटासा पेन ड्राइव्ह, हळदकुंकू वाहिलेला. तोवर त्यांच्या एकशे चौदा ओव्या ब्लॉगवर आल्या होत्या आणि प्रत्येकीखाली सांगणारीचं नाव होतं.