बॅकअप घेतलाय हो, पण...

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

हा विषय माझ्याकडे आला तेव्हा अध्यक्षांनी बजावलं होतं, "फार टेक्निकल करू नका, जेवणानंतरची वेळ आहे." समोर पुरणपोळी झालेली आहे हे मलाही दिसतंय. तेव्हा जमेल तितकं घरगुती भाषेत सांगतो. मध्येच कुणाला डुलकी लागली तर शेजाऱ्यानं उठवू नये, फक्त शेवटी मागच्या टेबलापाशी मात्र आणावं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. त्या सुमारास आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच उद्योग चालू होता. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय होती त्यांनी विंडोज ११ चढवलं, ज्यांच्यात नव्हती त्यांनी नवीन मशीन घेतलं. मग दोनेक आठवड्यांनी मला फोन यायला लागले. "अहो, सगळं झकास चालतंय, पण बॅकअप होत नाही. लाल अक्षरात काहीतरी येतंय."

मी म्हणायचो, काका, तुम्ही नशीबवान आहात. लाल अक्षरं दिसतायत ना? मग काळजी नको, कारण सापडेल. मला भीती वाटते ती हिरव्या खुणेची.

आपल्याच भागात राहणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीनं सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. अपग्रेडनंतर त्या साताऱ्याला आईकडे गेल्या होत्या. आईला जात्यावरच्या ओव्या येत होत्या, शिवाय गावच्या जुन्या गोष्टी, कोण कुठून लग्न होऊन आलं, कुठल्या दुष्काळात काय खाल्लं, असं सगळं. ताईंनी रोज थोडं थोडं फोनवर रेकॉर्ड केलं. अकरा रेकॉर्डिंग झाली. परत आल्यावर ती लॅपटॉपवर घेतली आणि फोनमधली जागा मोकळी केली, कारण फोन सारखा "जागा संपली" म्हणून रडत होता. दर रविवारी रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप जात होता, खाली हिरवी खूण येत होती. महिन्याभरानं आई गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी लॅपटॉपची आतली डिस्क गेली.

मी डिस्क घेऊन बसलो तेव्हा बॅकअप होता. नीट, तारीखवार. पण 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये अपग्रेडच्या दिवसापर्यंतचंच सगळं. पुढचे सगळे रविवार रिकामे. आणि प्रत्येक रविवारी प्रोग्रॅमनं लिहिलेलं, काम यशस्वी.

हे कसं होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण आज तुम्ही एवढं एकच घरी नेलंत तरी चालेल. अपग्रेडच्या वेळी किंवा नंतर एक पडदा येतो: तुमचे फोल्डर क्लाउडमध्ये सुरक्षित ठेवू का? आपण 'हो' म्हणतो, सुरक्षित कुणाला नको? त्या क्षणी तुमचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून दुसऱ्याच पत्त्यावर, क्लाउडच्या फोल्डरच्या आत जाऊन बसू शकतं. पडद्यावर आयकॉन तोच, नाव तेच. पण जुना बॅकअप प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर जातो. पोस्टमनसारखं. घर उघडं आहे, माणसं राहायला दुसरीकडे गेली. नेण्यासारखं काही नाही म्हणून तो शिट्टी वाजवत परत येतो आणि लिहितो, आज काही राहिलं नाही. त्याचं म्हणणं खोटंही नाही!

"मग क्लाउडमध्ये तरी असेल ना?" ताईंनीही हेच विचारलं. फुकटची जागा थोडी असते, बऱ्याच ठिकाणी पाच गिगाबाइट असते. ती फोटोंनी आधीच भरली होती. भरल्यावर वर चढणं थांबलं होतं आणि तशी ईमेलही आली होती, पण अशा ईमेल आपण जाहिरात समजून पुसतो. म्हणजे रेकॉर्डिंग क्लाउडमध्ये नाही, डिस्कवर नाही, फोनमध्ये नाही. एकच प्रत, तीही गेलेल्या डिस्कवर.

याचीच एक चुलत बहीण आहे. क्लाउड जागा वाचवण्यासाठी जुन्या फाईली फक्त वर ठेवतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवर नुसती पाटी ठेवतो. फाईलच्या नावापुढे छोटा ढग दिसला की समजावं, ही पाटी आहे. काही बॅकअप प्रोग्रॅम ही पाटीच डिस्कवर नेतात. दहा हजार फोटोंची नावं येतात, फोटो एकही नाही. उपाय: त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'या कॉम्प्युटरवर कायम ठेवा' अशा अर्थाचा पर्याय निवडायचा, पूर्ण उतरू द्यायचं, आणि मगच बॅकअप.

आता लाल अक्षरांकडे. ही मंडळी साधी असतात.

पहिलं म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. अपग्रेडच्या आधी बाहेरची डिस्क 'ई' होती, आता 'एफ' झाली. काही प्रोग्रॅम 'ई' शोधत बसतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत देता येतं, किंवा प्रोग्रॅमला नवी जागा दाखवायची. विंडोजची स्वतःची 'फाईल हिस्टरी' ११ मध्येही आहे, पण ती आता कंट्रोल पॅनेलमध्ये शोधावी लागते. ती बंद झालेली दिसली तर तीच डिस्क पुन्हा निवडून चालू करायची.

दुसरं, "जागा पुरेशी नाही" अशी तक्रार, आणि समोर दोन टेराबाइटची डिस्क रिकामी! आपल्या एका काकांनी याच्यापायी नवी चार टेराबाइटची डिस्क आणली, तरी तक्रार तीच. इथे जागा बाहेरच्या डिस्कवर नसते ते खरं नाही, ती कॉम्प्युटरच्या आतल्या एका छोट्या, डोळ्याला न दिसणाऱ्या कप्प्यात नसते. संपूर्ण सिस्टिमची प्रतिमा काढताना विंडोज प्रत्येक कप्प्याचं एक क्षणचित्र धरतं आणि त्यासाठी त्याच कप्प्यात थोडी मोकळी जागा मागतं. पाचशे मेगाबाइटपेक्षा लहान कप्प्यात निदान पन्नास मेगाबाइट. अपग्रेडनं दुरुस्तीचा कप्पा भरून टाकला की क्षणचित्र धरता येत नाही. हे दुरुस्त करता येतं पण घरी कप्पे खेचाखेच करू नका, जाणकाराला बोलवा. तोपर्यंत सिस्टिम राहू द्या, नुसते फोटो आणि कागदपत्रं साधी कॉपी करा. विंडोज पुन्हा मिळतं, नातवाचं बारसं पुन्हा होत नाही.

तिसरं, घरातल्या नेटवर्कवरची डिस्क, जिला आमच्यात नॅस म्हणतात. माळ्यावर दहा-पंधरा वर्षं निमूट बसलेली असते आणि अपग्रेडनंतर एकदम "सापडत नाही". ती मेलेली नसते. कॉम्प्युटरनं तिची भाषा सोडून दिलेली असते. एसएमबी १ ही जुनी बोली असुरक्षित म्हणून २०१७ च्या शरद ऋतूतल्या विंडोज १० पासून नव्या मशीनवर आपोआप बसेनाशी झाली. २०१७ च्याच मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या किड्यानं याच बोलीतल्या दोषातून शिरून इथल्या एनएचएसमधल्या अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करायला लावली होती, ते तुम्हाला आठवत असेल. त्यामुळे गूगलवर कुणी "एसएमबी १ परत चालू करा" असं सांगितलं तर ऐकू नका. पुढे २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीत, विशेषतः प्रो प्रकारात, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरणंही बंद झालं. नॅसचं स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करा, तिथे नाव आणि पासवर्ड तयार करा, तेच कॉम्प्युटरला द्या. नॅसला अपडेटच मिळत नसेल तर माल काढून घ्या आणि तिला निवृत्त करा.

मॅकवाल्यांनी हसू नये. २०१८ च्या मोहावीपासून मॅकमध्ये बाहेरच्या बॅकअप प्रोग्रॅमला मेलसारखा तुमचा खाजगी मजकूर वाचायला वेगळी परवानगी लागते, 'फुल डिस्क ॲक्सेस' नावाची. अपग्रेडनंतर ती तपासा. आणि टाइम मशीननं "ही डिस्क पुसू का?" असं विचारलं तर बोट आवरा. आधी दुसरी डिस्क आणा.

नवीन कॉम्प्युटर घेतलेल्यांसाठी एक: त्यातली डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद असते. त्याची किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडी नंबर, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेला. तो कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. यजमान गेल्यावर बाईंना लॅपटॉप उघडता येत नाही, ही वेळ मी दोन घरांत पाहिली आहे.

कुणाला वाटेल, आपण म्हातारी माणसं म्हणून असं होतं. मुळीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीनं स्वतःच अहवाल छापला, आणि तो मला फार प्रामाणिक वाटला. त्यांच्याकडे डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती होत्या. पण त्या परत उतरवायला चालण्याजोगी यंत्रणा नव्हती, आणि कित्येक जुन्या प्रणाली नव्या सुरक्षित यंत्रणेवर चालणाऱ्याच नव्हत्या. शोधता येणारा कॅटलॉग परत आला तो जानेवारी २०२४ मध्ये. तिथल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टनं केलेली १८९२ ची सूची मात्र कागदावर आहे. तिला कुठला अपग्रेड लागत नाही.

त्याहून जुना किस्सा १९८६ चा. विल्यम राजाच्या १०८६ च्या डूम्सडे बुकला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीनं देशभरातल्या शाळकरी मुलांकडून गावोगावची माहिती, फोटो, नकाशे गोळा केले. दहा लाखांहून जास्त लोकांचा हात लागला. सगळं मोठ्या लेझर डिस्कवर घातलं, ती बीबीसीच्या खास कॉम्प्युटरवरच चालायची. पंधरा-सोळा वर्षांत ते यंत्र मिळेनासं झालं, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांना नव्या कॉम्प्युटरवर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग वठवून मजकूर वाचावा लागला. २०११ मध्ये त्यातला मोठा भाग इंटरनेटवर आला. चामड्यावर लिहिलेलं मूळ १०८६ चं पुस्तक क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे आणि ज्याला लॅटिन येतं तो आजही वाचू शकतो.

आता आपल्या घरचं. मंडळाचे जुने दिवाळी अंक सीडीवर आहेत. मी त्यातल्या काही उघडून पाहिल्या. सीडी शाबूत, फाईली शाबूत, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा! कारण तेव्हा आपण युनिकोडमध्ये टाइप करत नव्हतो. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असायची, फाँट त्यांना देवनागरीचा वेश चढवायचा. फाँट नाही तर वेश नाही. मांडणी पेजमेकरमध्ये, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. काही फाँटांचे इन्स्टॉल करायचे प्रोग्रॅम सोळा बिटांचे, ते चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत. एक्सपीच्या बॅकअपमधून केलेली मोठी फाईल २००७ च्या व्हिस्टाला उघडता येत नव्हती, त्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळं साधन द्यावं लागलं होतं, तसलाच हा प्रकार. सुदैवानं काही संपादकांनी पीडीएफ काढून ठेवल्या होत्या, त्यात फाँट आत शिवलेला असतो, त्या छान उघडतात. बाकीच्या अंकांचे छापील खंड दोन सभासदांच्या पोटमाळ्यावर सापडले. ते स्कॅन करायला हात हवे आहेत. वहीत नाव लिहा.

ताईंच्या रेकॉर्डिंगचं काय झालं ते सांगायचं राहिलं. डिस्क मी एका जाणकार कंपनीकडे पाठवली, चिपच जळली होती, काही निघालं नाही. मग आम्ही उलट बाजूनं शोधलं. त्यांनी साताऱ्याहून कुणाला काय पाठवलं होतं? पुण्याच्या बहिणीच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये चार रेकॉर्डिंग मिळाली, पाचवं एका भाचीकडे, अर्धवट. ओव्यांची तीन त्यातच होती. सात मिळाली नाहीत, भाचीकडचं अर्धं धरलं तर साडेसहा म्हणा. ताई म्हणाल्या, "आई म्हणालीच होती, कागदावर लिहून घे." त्या पाच फाईली आता चार ठिकाणी आहेत, आणि मी बहिणीला सांगून ठेवलंय की फोन बदलायच्या आधी मला फोन कर.

म्हणून आज एकच काम करूया. हिरवी खूण बघायची नाही. बॅकअपच्या डिस्कवरून मागच्या आठवड्यातला एक फोटो शोधायचा, डेस्कटॉपवर आणायचा, उघडून बघायचा. मग अपग्रेडच्या आधीचा एक, आणि एक खूप जुना. तिन्ही उघडले तर चहा घ्या. एखादा नाही उघडला तर डिस्क पुसू नका, पुन्हा बॅकअप सुरू करू नका, अपग्रेड उलटवायला जाऊ नका. तसाही मागे जायचा रस्ता विंडोजमध्ये साधारण दहा दिवसच उघडा असतो. डिस्क काढून बाजूला ठेवा आणि फोन करा.

ज्यांनी लॅपटॉप आणि डिस्क आणल्या आहेत त्यांनी मागच्या टेबलापाशी यावं. तिथे तीन मुलं बसली आहेत, दोन आपल्याच मंडळात वाढलेली, मराठी समजतं. पासवर्ड त्यांना सांगू नका, तुम्हीच टाइप करा. आणि डिस्कची वायर घरी विसरलेल्यांसाठी माझ्याकडे एक पिशवीभर वायरी आहेत, जाताना परत द्या म्हणजे झालं.