घोडीचं पोट धरलंय, रात्रीचे अकरा वाजलेत. फोनवर काय सांगाल?

आपल्या बोईसर-पालघर पट्ट्यात घोडे आहेत कुणाकडे? वरातीला घोडी देणाऱ्यांकडे, किनाऱ्यावर फेरी मारणाऱ्यांकडे आणि एखाद्या फार्महाऊसवाल्याकडे. संख्या कमी, आणि खरी अडचण तीच. तारापूर एमआयडीसीत रात्री तीनला वेल्डर मिळेल, पण घोड्यांवर रोज हात बसलेला डॉक्टर मिळणं कठीण. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांतच जातो.

माझ्या मामाचा घोडीचा धंदा आहे. मी इंजिनिअर, म्हणून त्याच्या फोनमधली कामं माझ्याकडे. मागच्या लगीनसराईत घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली, मग चक्क लोळली. मामा डॉक्टरांना सांगतोय, "साहेब, घोडी लय बेचैन आहे." पलीकडून प्रश्न आले : लीद कधी टाकली? नाडी किती? हिरड्यांचा रंग? आता बेचैन या शब्दावरून डॉक्टर काय ठरवणार? आमच्याकडे बग रिपोर्टमध्ये कुणी नुसतं "ॲप चालत नाही" लिहिलं तर जे होतं, तेच.

तर फोन लावण्याआधी दोन मिनिटं काढा. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की नाडी लागते. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. शांत उभ्या मोठ्या घोड्याची साधारण २८ ते ४४. साठच्या वर गेली तर मामला गंभीर. ताप गुदद्वारातून मोजायचा, ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट ठीक. हिरडी बोटाने दाबून सोडा; गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मग अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, लोकेशन आणि शेवटची लीद कधी टाकली ते पाठवा. चारा-दाणा लगेच काढून घ्या.

एवढी घाई का? घोड्याला उलटी होतच नाही. पोटात अडकलेलं वर येत नाही, आणि आतड्याला पीळ पडला तर हातात काही तासच असतात. अशा वेळी कुणीतरी जाणकार बाटलीने तेल पाजायला येतोच. पाजू देऊ नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात सोडतात, तसंच त्या रात्री सोडलं आणि घोडी वाचली. मानेत स्वतः इंजेक्शन देणं तर त्याहून वाईट. शिरेच्या जवळच धमनी असते. सुई तिच्यात गेली तर घोडा जागेवर कोसळतो.

फोन कुणाला, हे आजच ठरवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर. तो सेव्ह करा आणि आपल्याकडे पथक किती वाजेपर्यंत येतं ते दिवसा विचारून ठेवा. मोठा आधार परळला : १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पण बोईसरहून चिल्हार फाटा, मग हायवे, मग वर्सोवा पुलाचं ट्रॅफिक... शंभरेक किलोमीटर. घोडा चढेल असा टेम्पो कुणाकडे आहे, तो नंबरही हवा.

आता साधी अपॉइंटमेंट. धनुर्वाताची लस वर्षाला, दात वर्षातून एकदा, जंताचं औषध लीद तपासून, आणि नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी. एका घोड्यासाठी मुंबईहून डॉक्टर बोलावणं मामाला परवडत नाही. म्हणून आता चार मालक मिळून एकच दिवस ठरवतात, मुहूर्त नसलेल्या पावसाळ्यात. प्रवासखर्च वाटला जातो, आणि त्याहून मोठं म्हणजे डॉक्टर घोडीला ओळखतात. अनोळखी नंबर रात्री अकराला कोण उचलतंय? मामाचा नंबर आता त्यांच्या फोनमध्ये "बोईसर, पांढरी घोडी" असा सेव्ह आहे.