स्वागताध्यक्षीय भाषण : सार्वजनिक जमिनींचे नियोजन आणि नवेगावबांध

सार्वजनिक जमिनी व त्यांवरील निसर्गसंपत्ती यांच्या व्यवस्थापनाचा विचार करण्यासाठी नवेगावबांध येथे आलेल्या अध्यक्षमहोदयांचे, अभ्यासकांचे, अधिकाऱ्यांचे आणि ग्रामसभांच्या प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा बाहेर ओळखला जातो तो राईस मिलमुळे. परंतु ज्या पाण्यावर धान पिकते ते अडवणाऱ्यांची नावे तांदळाच्या पोत्यावर छापलेली नसतात.

त्यांतील पहिले नाव कोलू पाटील कोहळी यांचे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी ‘सात बहिणी’ या डोंगरांच्या कुशीत त्यांनी नवेगावबांधचा हा विस्तीर्ण तलाव बांधला आणि पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून पूजिले. अभियंत्याला देवपण देणारी गावे महाराष्ट्रात फार नसावीत. कोहळी समाजाच्या या विद्येत पाळ म्हणजे मातीचा बांध, तुडुम म्हणजे पाणी सोडण्याचे द्वार आणि सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट, या तिन्हींची जागा उतार व माती पाहून ठरत असे. माजी मालगुजारी तलाव, अर्थात ‘मामा तलाव’, याच परंपरेतले. मारुती चितमपल्ली यांनी येथे वनाधिकारी म्हणून काम करताना या परिसराला मराठी साहित्यात आणले, हेही गावाला विसरता येत नाही.

परिषदेच्या विषयाशी या तलावांचा संबंध इतकाच की, 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले, पण पाणी एका खात्याकडे, जंगल दुसऱ्याकडे, तर झुडपी जंगल, म्हणजे महसुली दप्तरात झुडपांची म्हणून नोंदलेली जमीन, तिसऱ्याकडे राहिली. अशा जमिनी वनजमिनीच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ठरविले. 2006 च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक वनहक्काने पारंपरिक जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे येते. तरीही पाणलोटातील जंगल आणि खालचा तलाव यांचा आराखडा एकत्र झाल्याखेरीज गाळ थांबणार नाही, असे समितीचे स्पष्ट मत आहे.

निवासाची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत करावी लागली, गाद्या पातळ आहेत, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि गोंदियाहून येणाऱ्यांना गाडीसाठी ताटकळावे लागले, याबद्दल समिती दिलगीर आहे. तांदूळ देणारे मिलमालक, मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, तलावातील मासळी पुरविणारे ढीवर बांधव, पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या बचत गटांच्या भगिनी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे गृहस्थ यांचे ऋण मोठे आहे. अनवधानाने राहिलेल्यांनी राग मानू नये.

परिषदेच्या ठरावांची प्रत मुंबई-दिल्लीस पाठविताना ती मराठीतून येथील ग्रामसभांकडेही पाठवावी, एवढी विनंती आहे.