संदेशवहनाची मुळाक्षरे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे, फार तर राजकारणावर बोलावे, असा संकेत आहे. तो थोडा बाजूस ठेवून आज आम्ही महाविद्यालयातल्या एका अभ्यासविषयावर बोलणार आहोत. संगणकांची जाळी आणि दूरसंचाराची मूलतत्त्वे, असे या विषयाचे नाव. नाव ऐकताच मागच्या रांगेतली काही मंडळी चपला शोधू लागली असतील, तर त्यांना आमची विनंती की त्यांनी अंमळ थांबावे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही व्याख्यानांची परंपरा सुरू केली, ती लोकशिक्षणासाठी. ज्या वस्तूवाचून आज आपले घर, बाजार, बँक आणि नातीगोती एक दिवसही चालत नाहीत, तिचे शिक्षण लोकांनी घ्यावयाचे नाही, तर मग कशाचे घ्यावयाचे?

ठाण्याचे बांदोडकर महाविद्यालय, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीचे मॉडेल महाविद्यालय आणि अशीच आणखी कितीतरी, यांतून शेकडो मुले-मुली संगणकशास्त्र किंवा माहिती-तंत्रज्ञान घेऊन पदवीचा अभ्यास करतात. त्या अभ्यासात जाळ्यांचा विषय असतोच. ती मुले तुमच्याआमच्या घरचीच आहेत. ती काय शिकतात, आणि त्यांतले किती त्यांच्या अंगी लागते, हे पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. एवढेच नव्हे, ते आपले काम आहे.

या विषयावर आपल्या भागाचा हक्क जुना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यास आली, आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्याच दशकात इंग्रज सरकारने देशभर तारांचे जाळे विणावयास घेतले. आगगाडी आणि तार ही जुळी भावंडेच म्हणावयाची. गाडी पोहोचण्याआधी तिची वर्दी पुढच्या ठाण्यास पोहोचली पाहिजे, आणि गाडीहून वेगाने धावणारी वस्तू विजेवाचून दुसरी नव्हती. पुढे १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतळातून तार टाकली. बोटीने ज्या बातमीला आठवडे लागत, ती त्याच दिवशी विलायतेहून येथे येऊ लागली. दारात तारवाला उभा राहिला की पाकीट फोडण्यापूर्वीच घरातल्या बायकांच्या पोटात गोळा येई, हे येथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती तार १४ जुलै २०१३ च्या रात्री कायमची थांबली. यंत्रे अशी येतात आणि जातात. मग महाविद्यालयाने मुलांना शिकवावयाचे काय? आलेले यंत्र, की यंत्रामागचे तत्त्व? आजच्या व्याख्यानाचा सारा मुद्दा या एका प्रश्नात आहे. त्यासाठी त्या अभ्यासक्रमातलीच चार तत्त्वे आपण पाहू.

पहिले तत्त्व वाटेचे. जुन्या टेलिफोनमध्ये आपण बोलावयास लागलो, की आपल्या तोंडापासून पलीकडच्या कानापर्यंतची सबंध वाट आपल्यासाठी राखली जाई. आपण गप्प बसलो तरी ती वाट दुसऱ्या कोणास मिळत नसे. डोंबिवलीच्या एका उतारूसाठी मुंबईपर्यंतचा रूळ मोकळा ठेवण्यासारखाच हा प्रकार! १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे निराळी युक्ती सुचली. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रम घालावा, आणि सर्वांचे तुकडे एकाच वाटेने मिसळून सोडावेत. पलीकडे ते अनुक्रमाने जुळवले की झाले. आज आपण नातवाचे छायाचित्र पुण्यास पाठवतो, ते तीस लाख अक्षरांइतके मोठे असेल, तर दीड हजारांचा एक असे त्याचे सुमारे दोन हजार तुकडे होऊन जातात.

हे तुकडे वाट कशी शोधतात? कल्याण जंक्शन डोळ्यांपुढे आणा. तेथून एक फाटा कर्जतमार्गे पुण्याकडे आणि दुसरा कसाऱ्यावरून नाशिककडे जातो. फाटा बदलणाऱ्याला नाशिकच्या फलाटावर काय चालले आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ही गाडी कोणत्या फाट्यावर घालावयाची, एवढे कळले की त्याचे काम भागते. जाळ्यातला राऊटर हेच करतो. त्याला संपूर्ण वाट ठाऊक नसते, फक्त पुढचे ठाणे ठाऊक असते. फरक इतकाच की त्याच्यापाशी वर्षाचे छापील वेळापत्रक नसते. शेजारचे राऊटर एकमेकांना वाटांची खबर देत राहतात, आणि एक वाट तुटली की दुसरी धरतात. सर्वज्ञ असा कोणीही मध्ये बसलेला नसताना जगभरचा कारभार चालतो, ही थोडी आश्चर्याची गोष्ट नव्हे.

दुसरे तत्त्व पत्त्याचे. ठाण्याच्या घरगुती टेलिफोनला मुंबईचाच ०२२ हा संकेतांक आहे, आणि पुढे डोंबिवली-कल्याणास येताच तो ०२५१ होतो. लोकलच्या एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन शेजारी टेलिफोनच्या नकाशात दोन प्रांतांचे रहिवासी! पण यामागे तर्क आहे. आधी प्रांत, मग केंद्र, मग घर, अशी पत्त्याची उतरंड असली की प्रत्येक ठाण्याला जगातल्या प्रत्येक घराची यादी बाळगावी लागत नाही. संगणकांच्या पत्त्यांतही हीच उतरंड आहे. जुन्या पद्धतीचा पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणून असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जगाची वस्ती ८०० कोटींच्या वर गेली, एकेका माणसापाशी दोन-दोन यंत्रे आली. मग भागते कसे? चाळीसारखे. चाळीचा पत्ता एक, आत खोल्या चाळीस. टपाल दारावर येते आणि आत कोणी तरी ते खोलीवार वाटतो. आता एकशेअठ्ठावीस बिटांचा नवा पत्ता आला आहे आणि हळूहळू रुळतो आहे.

तिसरे तत्त्व आवाजाचे. टेलिफोनवर आपला सगळा आवाज जात नाही. दर सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने, एवढाच पट्टा पाठवला तरी बोलणे कळते आणि बोलणारा ओळखू येतो. या आवाजाचे आकडे करावयाचे, तर सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचे माप घ्यावे लागते. या नियमाशी नायक्विस्ट या शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. ३४०० ची दुप्पट ६८००. थोडी मोकळीक ठेवून ८००० मापे ठरली. प्रत्येक माप आठ बिटांचे, म्हणून सेकंदाला ६४,००० बिट. परीक्षेत 'चौसष्ट' एवढे लिहिणाऱ्या मुलाला गुण मिळतात. पण हे चौसष्ट कोठून आले, असे वर्गात विचारले की पुष्कळदा शांतता पसरते. उद्या गाण्याची मैफल तारेने पाठवावयाची ठरली, तर केवळ आकडा पाठ असलेला मुलगा अडून राहील, आणि कारण जाणणारा मुलगा कागदावर चार ओळींत नवा आकडा काढील. शिक्षणाचा सारा फरक या चार ओळींत आहे.

चौथे तत्त्व आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. हे जाळे कसलेच वचन देत नाही. तुकडा वाटेत हरवेल, उशिरा येईल, मागचा पुढे येईल. जाळे म्हणते, आम्ही प्रयत्न करू. मग बँकेतला पैसा बिनचूक कसा पोहोचतो? जबाबदारी दोन्ही टोकांवर ठेवलेली असते म्हणून. रजिस्टर पत्राची पोच यावी, तशी घेणाऱ्याने पोच पाठवावयाची. ती आली नाही तर पाठवणाऱ्याने तुकडा पुन्हा धाडावयाचा. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये ही रीत मांडली आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतले मूळ जाळे तिच्यावर चालू लागले.

पण या रीतीतही एक धोका होता, तो १९८६ च्या ऑक्टोबरात उघड झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे सुमारे चारशे यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० वर आला. कारण काय? वाट तुंबली, पोच येईना, म्हणून प्रत्येक जण तेच तुकडे पुन्हा पुन्हा धाडू लागला आणि तुंबारा वाढतच गेला. सायंकाळी लोकलच्या दारात जे होते तेच! व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. तुकडा हरवला की पाठवणाऱ्याने आपण होऊन आपला वेग कमी करावा, आणि वाट मोकळी दिसू लागली की बेताबेताने वाढवावा. वर पोलीस नाही, दंड नाही. प्रत्येकाने थोडा आवर घातला की सर्वांचे काम लवकर होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याहून चांगला धडा आमच्या तरी पाहण्यात नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. इतका रसाळ विषय, पण मुलांना विचारा. पुष्कळांना तो सात थरांच्या नावांचा एक मंत्र म्हणूनच आठवतो. १९८४ साली प्रमाण ठरलेला तो सात थरांचा आराखडा विचाराला उपयोगी आहे, यात शंका नाही. पण प्रत्यक्षातले जाळे त्या आराखड्याबरहुकूम बांधलेले नाही, हेही मुलांना सांगावयास हवे. शहापूर-मुरबाडकडची, बदलापूरची, मराठी शाळेतून आलेली मुले हा विषय प्रथमच इंग्रजीत भेटला की त्याच्याशी ओळख करून घेण्याऐवजी त्याला पाठ करून टाकतात. आमचे म्हणणे असे नाही की राऊटरला संस्कृत नाव द्या आणि परीक्षा मराठीत घ्या. राऊटर हा शब्द खुशाल राहू द्या. पण तो काय करतो, हे एकदा कल्याण जंक्शनच्या भाषेत सांगा. मग इंग्रजी पुस्तक त्या मुलाला परके वाटणार नाही.

दुसरी तक्रार पालकांविषयी आहे, म्हणजे तुमच्याआमच्याविषयी. "यातून नोकरी कोणती लागेल?" हा आपला पहिला प्रश्न. प्रश्न गैर नाही. कर्जाचे हप्ते कोणाला चुकले आहेत? म्हणून मूळ विषय कसाबसा उरकून मुले एखाद्या कंपनीच्या यंत्राचे प्रमाणपत्र मिळवावयास धावतात. प्रमाणपत्र जरूर मिळवावे. पण यंत्र पाच-सात वर्षांत बदलते आणि तोवर आपला मुलगा तिशीतही पोहोचलेला नसतो. तेव्हा त्याला तारणार काय? १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था निघाली आणि तिच्या तरुण अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे टेलिफोन केंद्र बनवले. उष्मा आणि धूळ सोसून, थंड हवेच्या खोलीवाचून चालणारे ते केंद्र होते. परदेशी यंत्राची माहितीपुस्तिका पाठ करून असले काम होत नाही. आणि ही गोष्ट फार लांबची समजू नये. १९८६ च्या सुमारास देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' उभे राहू लागले, त्यात पवईची आय.आय.टी. आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही अग्रभागी होती. पवई ठाण्यापासून किती दूर आहे?

आणि जे या विषयाचे विद्यार्थी नाहीत, त्यांचे काय? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळातल्या केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रखडले. आपल्या गल्लीत रस्ता खणताना कुदळ तारेवर पडते, तेव्हा लहान प्रमाणावर तेच घडते. ज्याला जाळे ठाऊक आहे, तो नगरपालिकेला नेमका प्रश्न विचारू शकतो. याहून गंभीर गोष्ट फसवणुकीची. "आम्ही पोलीस बोलतो आहोत, तुम्हांला घरातच डिजिटल अटक केली आहे," असे सांगून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते. अशी अटक कायद्यात नाहीच. शिवाय पाकिटावर पाठवणाऱ्याने आपले म्हणून कोणतेही नाव लिहावे, तसा फोनवर दिसणारा क्रमांकही खोटा असू शकतो. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने शिकलेले असते. ते त्याने संध्याकाळी घरी आजोबांना सांगितलेले असते काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. अशा संस्थांनी महिन्यातला एक रविवार या मुलांना द्यावा. मुलांनी एक तत्त्व घ्यावे, फळा घ्यावा, आणि समोर बसलेल्या निवृत्त कारकुनाला, शिक्षिकेला, दुकानदाराला ते मराठीत समजावून सांगावे. ऐकणाऱ्याने 'का?' म्हणून विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. ऐकणाऱ्याला ज्ञान मिळेल, आणि आपल्याला काय येते व काय येत नाही हे मुलाला कळेल. कोणत्याही परीक्षेत ते इतके स्पष्ट कळत नाही. महाविद्यालयांनी आपल्याकडून एवढे करावे, की मुलांना एकदा तार सोलून दाखवावी, जोडणी हातांनी करू द्यावी, टेलिफोनचे केंद्र आत नेऊन दाखवावे.

या रविवारांची सुरुवात येत्या जूनपासून, महाविद्यालये उघडताच, करता येईल. आज येथे वाचनालयांचे चालक बसले आहेत, प्राध्यापक आहेत आणि बरेच विद्यार्थीही दिसतात. व्याख्यान संपल्यावर त्यांनी घाईने न निघता एकमेकांशी दोन शब्द बोलून घ्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.