नाणं वाजवून घ्या : जुनी नाणी जमवण्याचा छंद आणि फसवणुकीपासून बचाव

आज बोलायचंय जुन्या नाण्यांबद्दल. म्हणाल, नाणी जमवायचा छंद तो शहरातल्या सायबांचा, आमचा काय संबंध? संबंध दोन आहेत. एक तर हा छंद फुकटात सुरू होतो. आणि दुसरं, या नाण्यांच्या नावानं आपल्यासारख्यांनाच फसवलं जातं.

तुमच्याही मोबाईलवर तो फोटो आला असेल. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट, नाहीतर वैष्णोदेवीचं नाणं. खाली लिहिलेलं असतं, "ही तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळवा." आता जरा विचार करा. ट्रॅक्टरवाली नोट अजूनही चलनात आहे, ती किती हातांतून फिरली असेल? वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ साली निघाली, तीही वापरासाठीच. जी वस्तू पैशाला पासरी मिळते, तिला लाख रुपये कोण देईल?

मग हे लोक फोटो का पाठवतात? त्यांना तुमची नोट नकोच असते. तुम्ही फोन केलात की ते लगेच सौदा ठरवतात, भाव वाढवून देतात. मग म्हणतात, नोंदणीचे हजार रुपये भरा. ते भरले की कर भरा. तो भरला की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे भरा. बँकेचा शिक्का असलेलं पत्रसुद्धा पाठवतात. ते पत्र खोटं असतं. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावानं घ्यायचा अधिकारही तिनं कुणाला दिलेला नाही.

एवढं एक वाक्य गाठीला बांधा : विकणाऱ्याला पैसे मिळतात, विकणाऱ्यानं पैसे द्यायचे नसतात. बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईकडे कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "आधी शंभर रुपये दे, मग तुझी मेथी घेतो," तर ती काय करेल? तसंच इथे करायचं. आणि पैसे घेण्यासाठी मोबाईलचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे येणार नाहीत, जाणार आहेत.

आता छंदाकडे येऊ. सुरुवात कशी करायची? बाजारात जाऊन काही विकत घेऊ नका. बचत गटाची बैठक असते, वर्गणीची चिल्लर जमते, ती एकदा नीट बघा. नाण्यावर साल असतं. त्या सालाखाली बारीक खूण असते, ती टांकसाळीची. हिरकणीसारखा चौकोन असेल तर मुंबईची. चांदणी असेल तर हैदराबादची. ठिपका असेल तर नोएडाची. काहीच नसेल तर कोलकात्याची. एकाच सालाचं एकाच किमतीचं नाणं चारही टांकसाळींचं मिळतं का, हे शोधायला लागा. मुलंसुद्धा अभ्यास सोडून येऊन बसतील, तेवढं मात्र सांभाळा.

नंतर स्मारक नाणी वेगळी काढा. १९९० सालचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक रुपयाचं. १९९९ सालचं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं आणि त्याच सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं. २००७ सालचं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २००३ साली, रेल्वेचं दोन रुपयांचं नाणं निघालं. ठाणे जिल्ह्यातल्या बाईच्या डब्यात ते असायलाच हवं. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बंद झाली. ती घराच्या कोनाड्यात, देवघराच्या खणात सापडतील.

एकीकडे दोन असतील तर दुसरीशी अदलाबदल करा. तुझ्याकडे चांदणीवालं जास्तीचं आहे, माझ्याकडे ठिपक्याचं. यात पैसा लागत नाही, आणि बघता बघता नजर तयार होते. या छंदातलं खरं भांडवल ही नजरच आहे. ती तयार होईपर्यंत एक रुपयाचीही खरेदी करू नका.

आता आजीच्या डब्याकडे वळू. आपल्याकडे कित्येक घरांत चांदीच्या रुपयांची माळ असते. राणीछाप, राजाछाप. अशी माळ मोडायला सोनाराकडे नेण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, साल. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती होता, पण तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, रुपया मागे घेतला आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. म्हणून १९११ चा रुपया कमी मिळतो. १९३९ चाही दुर्मीळ आहे. पण म्हणूनच या सालांच्या नकलाही बाजारात येतात.

दुसरी, वजन. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. आज सोनार तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो, तो वेगळा. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण एक-दीड ग्रॅमनं कमी-जास्त भरला तर शंका घ्या. माळेतल्या रुपयाला कडी जोडलेली असते, तिचं वजन लक्षात धरा. ती कडी स्वतः तोडू नका, नाणं आणखी खराब होईल.

तिसरी, धातू. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच उरली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, तरी खरा असतो. पण राणीछाप रुपया चुंबकाला चिकटला, तर तो चांदीचा नाही. नुसतं चिकटलं नाही म्हणून खरं, असं मात्र नाही. तांबं-पितळही चिकटत नाही.

चौथी, आवाज. जुनी माणसं नाणं वाजवून घ्यायची, ते उगीच नव्हे. बिनकडीचा चांदीचा रुपया बोटाच्या टोकावर धरून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारा, घंटेसारखा बारीक, लांबणारा नाद येतो. ओतलेलं नकली नाणं बद्द वाजतं. भिंगातून पाहिलंत तर त्याच्यावर बारीक खड्डे दिसतील, अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या मऊ असतील, आणि काठावर कधीकधी साच्याची रेघ असेल.

आणि एक हात जोडून सांगते, जुनं नाणं घासू नका. चिंच नको, राख नको, भांड्यांची पावडर नको. आपल्याला काळं भांडं बघवत नाही, पण नाण्यावरचा तो काळसरपणा म्हणजे त्याच्या वयाचा दाखला आहे. तो गेला की जमवणाऱ्याच्या लेखी किंमतही गेली. कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा, वर साल आणि कुठून मिळालं ते लिहा.

आता शिवराई. आपल्या भागात तिच्यावर सगळ्यांचा जीव. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". ही तांब्याची नाणी महाराजांच्या नंतरही, पेशवाईत आणि पुढेही, खूप पाडली गेली. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, आणि झिजलेल्या शिवराईला फार मोठा भावही येत नाही. खरी शिवराई हातानं ठोकलेली असते. ठशापेक्षा तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर काठाबाहेर जातं, कड वेडीवाकडी असते. अगदी गोल, सगळी अक्षरं पूर्ण, एकासारखी एक दहा नाणी कुणी दाखवली, तर ती आठवण म्हणून घेण्याच्या लायकीची, जुनी म्हणून नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची आणि रामसीता किंवा हनुमान असलेली नाणी फिरतात. कंपनीनं व्यवहारासाठी तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देवाची म्हणून पूजा करा, लाखाची म्हणून विकत घेऊ नका.

शेवटची फसवणूक सर्वांत महाग पडते. १६५७ साली महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, दुर्गाडी उभा राहिला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून कुणी दबक्या आवाजात म्हणालं, "पाया खोदताना सोन्याच्या मोहरा सापडल्यात, गुपचूप विकायच्यात," की मन डळमळतं. ते लोक आधी एक खरा दाणा किंवा एक खरी मोहर देतात. सोनार सांगतो, सोनं आहे. मग मंगळसूत्र गहाण पडतं, गटाचं कर्ज उचललं जातं, आणि हातात येते पितळेची थैली. त्यांना एवढंच सांगा : जमिनीत सापडलेलं गुप्तधन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चला, पोलीस पाटलांकडे जाऊ. खोटा माणूस तिथेच पाय काढतो. उद्या तुमच्याच शेतात खरोखर काही सापडलं, तरी हाच रस्ता.

ज्यांना खरी नाणी डोळे भरून पाहायची आहेत, त्यांनी गटाची सहल काढा. कल्याणहून लोकल पकडली की मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. निघण्याआधी वेळ विचारून घ्या. खरं पुष्कळ पाहिलं की खोटं आपोआप ओळखू येतं.

आणि मैत्रिणींनो, कुणी फसलीच, तर लपवू नका. घरचे काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसलात तर पैसे दूर निघून जातात. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आणि गटातल्या बायकांनो, तिला हसू नका. तिनं सांगितलं म्हणून बाकीच्या वाचतील.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक जुनं नाणं आणा. साल वाचा, खूण शोधा, वाजवून बघा. बोलू पुन्हा. नमस्कार.