धडकेनंतर गाडीचे स्टिअरिंग

(मंडळाच्या सभेतील भाषण)



बायकांच्या मंडळात मी गाडीच्या स्टिअरिंगविषयी बोलणार, हे ऐकून काही जणी हसल्या. पण आज आपल्या लेकी-सुना गाडी चालवितात, आणि पोराबाळांना घेऊन आपण सगळ्याच गाडीत बसतो.

गेल्या उसाच्या हंगामात कुंडलच्या रस्त्यावर आमची गाडी ट्रॉलीला धडकली. पुढचे चाक आपटले. कोणाला खरचटलेही नाही. पत्रा ठोकला, रंग दिला, आम्ही निश्चिंत झालो. चार दिवसांनी सूनबाई म्हणाली, "आत्या, रस्ता सरळ आहे, पण स्टिअरिंग तिरपे धरावे लागते." गाडी उचलून पाहिली, तो खालचा टाय रॉड वाकलेला!

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत पोचविणारी सळई. तिच्या टोकाला आपल्या खांद्यासारखा गोल सांधा असतो. त्यास बॉल जॉइंट म्हणतात. चाकाला बसलेला धक्का थेट तेथे पोचतो. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आपल्या भागात ठाऊक आहे. नांगराचा दांडा वाकला, तर तास सरळ पडेल काय? तसेच हे.

धडकेनंतर गाडी उभी असतानाच पाहावे. पुढची दोन्ही चाके सारखी दिसतात का? खाली तेल गळते का? स्टिअरिंग अडते, कडकडते, की चाक न हलता ढिले फिरते? असे काही आढळल्यास गाडी चालवीत नेऊ नये, उचलून न्यावी. पुढे चालविताना गाडी एका अंगास ओढू लागली, थरथरली, किंवा टायर एकाच कडेने झिजू लागला, तरी दाखवावी. स्कूटीचे हँडल सरळ धरून चाक तिरपे राहिले, तर तेही धोक्याचेच.

वाकलेला रॉड तापवून सरळ करून देतो, असे कोणी म्हटल्यास ऐकू नये. त्याची ताकद जाते व तो पुढे ऐन वेळी मोडू शकतो. नवाच घालावा, आणि मग व्हील अलाइनमेंट करावी. दुरुस्तीपूर्वी फोटो काढून विमा कंपनीस कळवावे. मात्र कायद्याने सक्तीचा असलेला तिसऱ्या पक्षाचा विमा आपल्या गाडीचा खर्च देत नाही, हे ध्यानात असावे.

आम्ही रंग जुळला का, एवढेच विचारले होते. भगिनींनो, तुम्ही आधी विचारा, "खालून स्टिअरिंग पाहिलेत का?"